जुळवून घ्यायचं, पण कुठं?

‘जुळवून घे गं’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीनं ऐकलंय आणि पुढं कधीतरी कुणाला ऐकवलंयसुद्धा. माझ्या नोकरीतही जुळवून घेणं हेच मुख्य काम, पण तिथं त्याचा अर्थ फार काटेकोर आहे.

मी सी भाषेत लायब्ररी लिहिते. पुस्तकांची नव्हे हो! इतर प्रोग्राम वापरतील असा तयार कोड, त्याला लायब्ररी म्हणतात. ती विंडोज, लिनक्स, मॅक, मोबाइल, सगळीकडं चालायला हवी. भाषा एकच, मग अडतं कुठं? मापात. आजीच्या काळी पायली एकच म्हणायची, पण तिच्यात मावणारं धान्य गावागणिक कमीजास्त. सीमधलं ‘लाँग’ तसंच. 64 बिटांच्या लिनक्सवर आणि मॅकवर ते 8 बाइटांचं, 64 बिटांच्याच विंडोजवर 4 बाइटांचं. दोन्ही बरोबर, कारण भाषेचा नियम किमान 32 बिट हवेत एवढंच सांगतो. मजकुराची ओळ विंडोजवर दोन चिन्हांनी संपते, लिनक्सवर एका. मोठ्या आकड्याचे बाइट कुठलं यंत्र मोठ्या टोकाकडून मांडतं, कुठलं लहान टोकाकडून.

नवशिका माणूस जिथं अडेल तिथं ‘विंडोज असेल तर असं, नाहीतर तसं’ अशी अट घालतो. एक, मग दहा, मग पन्नास. शेवटी मूळ काम कुठलं आणि जुळवणी कुठली, हे लिहिणाऱ्यालाही कळेनासं होतं.

शहाणी रीत एसक्यूलाइटमध्ये दिसते. रिचर्ड हिप यांनी 2000 साली आणलेली ही डेटाबेसची लायब्ररी आज अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत आहे. फाइल उघडणं, तिला कुलूप लावणं, वेळ विचारणं ही यंत्रागणिक बदलणारी कामं तिथं एका पातळ थरात ठेवलीत. युनिक्ससाठी एक फाइल, विंडोजसाठी दुसरी. आतला गाभा तोच. डिस्कवर आकडे मांडायचा क्रमही एकच ठरवलेला, म्हणून एका यंत्रावरची डेटाबेस फाइल दुसऱ्यावर जशीच्या तशी वाचता येते. मापही गृहीत धरावं लागत नाही. सीच्या 1999 च्या प्रमाणापासून ‘मला नेमके 32 बिट हवेत’ असं स्पष्ट मागता येतं.

माझी भाची बेळगावहून इंदूरला लग्न होऊन गेली. तिकडंही मराठीच, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त. वर्षभरानं ती फोनवर म्हणाली, “मावशी, भाषा एकच आहे ना, म्हणूनच घोळ होतो बघ. ‘लवकर ये’ म्हणजे आपल्याकडं दिवेलागणीआधी, इथं रात्रीच्या जेवणाआधी.” ते हसण्यावारी गेलं. पण शाळेत शिकवायची नोकरी चालून आली, तेव्हा ती नको म्हणाली. का, विचारलं तर, “इथं तसं चालत नाही.” बरं, तुला काय हवंय? त्यावर तिच्याकडून उत्तरच आलं नाही. प्रत्येक गोष्टीला तिनं एकेक अट लावून घेतली होती, आणि त्या अटींखाली ती स्वतः सापडेना.

मी तिला एवढंच सांगितलं, की दोन याद्या कर. पोह्यात साखर किती, सणाला साडी कुठली, पाहुण्यांसमोर कसं बोलायचं, हा बाहेरचा थर. तो आनंदानं बदल. शिकवणं, स्वतःचं बँक खातं, आईला रोज फोन, हा गाभा. तिथं अट नको. आणि ‘लवकर’ म्हटलं की विचार, किती वाजता?

सासूबाई थोड्या कुरकुरल्या, नाही असं नाही. पण भाची आता शाळेत शिकवते, आणि वेळेचे घोळ बरेच कमी झालेत.

आणखी एक सांगते. एखादा प्रोग्राम एकाच यंत्रावर कोसळतो तेव्हा आम्ही आधी त्या यंत्राला नावं ठेवतो. पुष्कळदा चूक मूळ कोडातच असते, दुसरी यंत्रं ती निमूट चालवून घेत असतात. माहेरानं चालवून घेतलेलं सासरी उघडं पडतं, ते थोडं असंच.

पण तुलना इथंच संपते. विंडोजनं माझ्यासाठी बदलावं, असं मी म्हणू शकत नाही. घराला मात्र म्हणता येतं. लिहायचा पातळ थर सुनेनं एकटीनंच का लिहावा? अर्धा आपण सासवांनीही लिहायला घेऊ या की!