जांब समर्थ : मनाशी बोलण्याची वाट

जालन्याहून अंबडमार्गे निघालात की वाटेत कपाशीची शेते आणि मोसंबीच्या बागा दिसतात. मत्स्योदरी देवीची टेकडी मागे टाकून घनसावंगी तालुक्यात शिरावे आणि जांब समर्थ गाठावे. १६०८ साली नारायण सूर्याजी ठोसर, म्हणजेच समर्थ रामदास, येथे जन्मले. जन्मस्थानी मंदिर आहे. दर्शन घ्यावेच, परंतु मानसशास्त्राची जिज्ञासा असणाऱ्याने येथे थोडे रेंगाळावेही.

लहानगा नारायण एकदा अंधाऱ्या खोलीत एकटाच बसला होता आणि आईने विचारताच, विश्वाची चिंता करतो, असे म्हणाला, ही कथा आपण ऐकली असेल. असे मूल आज दवाखान्यात आले तर आम्ही डॉक्टर आधी त्याची झोप आणि भूक विचारू! पुढे त्याच नारायणाने मनाला उद्देशून २०५ श्लोक रचले. त्यांत मनावर आसूड नाही. त्याला 'सज्जन' असे संबोधून समजावणे आहे.

पाश्चात्त्य मानसशास्त्राला या संवादापर्यंत यायला बरीच वळणे घ्यावी लागली. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा काढून संवेदनांचे मोजमाप आरंभले. व्हिएन्नात फ्रॉइड यांनी स्वप्ने आणि दडपलेल्या इच्छा उकलल्या. १९१३ मध्ये वॉटसन यांनी तर मनच बाजूला सारले; दिसते ते वर्तन तेवढे अभ्यासावे, असा त्यांचा आग्रह. मनोविश्लेषणातच घडलेल्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास निराळी वाट धरली. प्रसंगापेक्षा प्रसंगाविषयीची आपली समजूत अधिक छळते, म्हणून त्या समजुतीशीच वाद घालावा, हे त्यांचे सूत्र. पुढे ॲरन बेक यांना नैराश्यग्रस्तांच्या मनात स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी आपोआप उमटणारे काळे विचार आढळले. ते विचार पुराव्यावर तपासायला त्यांनी रुग्णांना शिकवले.

हे सारे आपल्याकडे आधीच होते, असे मात्र मी म्हणणार नाही. एलिस यांनी ऋण मानले ते एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाचे. समर्थांचे ध्येय भक्ती, बेक यांचे रोगमुक्ती. साम्य पद्धतीत आहे: स्वतःच्या विचाराकडे किंचित दुरून पाहायचे आणि त्याच्याशी सौम्यपणे बोलायचे.

पाऊस दडी मारतो, कर्जाचे हप्ते थकतात, तेव्हा घरातला कर्ता गप्प होतो. आपण त्याला म्हणतो, 'मन घट्ट कर.' वाचकहो, हा संवाद नव्हे, हुकूम आहे. आणि आजारी मनाला तो पेलत नाही. दोन आठवडे सलग उदासी, उडालेली झोप, कशातच रस नाही, अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांकडे न्या. कधी औषधेही लागतात. जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर दोन आठवडेही थांबू नका, त्याला एकटे सोडू नका. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.