ताटीतून शेरडं आत घेताना

सांजेला शेरडं माळावरून आली की मी ताटी पुरती उघडत नाही. दोन-तीन शिरतील एवढीच फट ठेवतो. अख्खा कळप एकदम लोटला तर डोळ्याला ‘पुष्कळ’ एवढंच कळतं. तीनच्या घोळक्याला मात्र बोट लावावं लागत नाही, दिसताक्षणीच तीन कळतात. चारपर्यंत हे जमतं, पुढं डोळा अंदाजावर येतो. भोकरकडच्या राखणदारांचं कसब या चारच्या आतल्या नजरेवर उभं आहे.

ही नजर एकट्या माणसाची नाही. आंद्रेआस नीडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये माकडांच्या मेंदूच्या पुढच्या भागात संख्येला जागणाऱ्या पेशी दाखवल्या. पुढं २०१५ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनला कावळ्यातही तशाच पेशी सापडल्या. एखादी पेशी तीन ठिपके दिसताच सर्वांत जोरात चेतते. दोन किंवा चार दिसले तर कमी. संख्या मोठी, तशी तिची पेशी जास्त ढिली, आजूबाजूच्या आकड्यांनाही ओ देणारी. म्हणून दोन-तीनमधला फरक ठळक आणि वीस-एकवीसमधला पुसट. कावळ्याचे आणि माकडाचे पूर्वज वेगळे होऊन तीस कोटींहून अधिक वर्षं झाली, कावळ्याच्या मेंदूची बांधणीही निराळी. तरी हिशोबाची रीत तीच. मला हे फार मोठं वाटतं.

चाळिसातलं एक कमी झालेलं डोळा आकड्यानं सांगत नाही. म्हणून पोराला राखणीला नेतो तेव्हा आधी ओळखी शिकवतो: ही बांडी, ही भुरी, ही कानकापी. ‘किती आहेत?’ यापेक्षा ‘कोण दिसत नाही?’ हा प्रश्न रानात लवकर सुटतो.

उस्मानाबादी शेळीला जुळी करडं बऱ्याचदा होतात. एक मागं राहिलं की ती ओरडते, आणि लोक म्हणतात, शेळी मोजते. मला हे घाईचं वाटतं. तिच्याकडं करडाचा वास आहे, आवाज आहे. ते बाजूला काढल्याशिवाय तिला ‘दोन’ कळतात असं कसं म्हणायचं? कावळ्यांच्या प्रयोगात ठिपक्यांचा आकार, मांडणी सारखी बदलत ठेवली होती ती याचसाठी, की पाखरानं संख्येवरच उत्तर द्यावं. शेळी कशानं का ओळखेना, ती ओरडली की मी मोजत बसत नाही. ओढ्याकडं माघारी वळतो.