१२० तासांच्या पलीकडे



तुझे पत्र पावले. राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणून तुझी नेमणूक झाल्याचे वाचून समाधान वाटले. आणि माणदेशातील ज्या गावी तू हिवाळी शिबिर नेणार आहेस तेथील ओसाड गायरानाचे व दोनशिक्षकी शाळेचे वर्णन तू ज्या आस्थेने केले आहेस, त्यावरून या कामाकडे तू निव्वळ हुकमाची तामिली म्हणून पाहत नाहीस, हेही ध्यानी आले.

गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. वर्षाकाठी १२० तास सेवा आणि सात दिवसांचे विशेष शिबिर, हा तिचा हिशेब दप्तराला आवश्यक आहे व तो तू चोख ठेवशीलच. परंतु तरुण मनुष्य वाढतो तो आपल्या हातून घडलेल्या कामाचा परिणाम स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, आणि तो परिणाम पाहण्याची संधी आपण त्यास क्वचितच देतो. आषाढात रोप लावणाऱ्या मुलास वैशाखात त्या रोपापाशी कोणी नेत नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

तुझ्याच जिल्ह्यातील दाखला घे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली. त्या वसतिगृहातील मुलांनी शेतात घाम गाळला तो कोणावर उपकार म्हणून नव्हे, तर त्या श्रमावर त्यांचेच शिक्षण उभे राहावयाचे होते म्हणून. पीक बुडाले तर त्याची झळ त्यांच्याच ताटाला लागे. कर्मवीरांच्या 'कमवा आणि शिका' या योजनेचे सामर्थ्य, माझ्या मते, या प्रत्यक्ष जबाबदारीत होते.

म्हणून शिबिरात मुलांकडून गायरानाच्या उतारावर समतल चर खणून घे, आणि आखणी त्यांनाच करू दे. तीन काठ्या बांधून इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराची चौकट करावी, वरच्या टोकास दोरीने दगड टांगावा. ती दोरी आडव्या काठीवरील मधल्या खुणेवर स्थिरावली, की चौकटीचे दोन्ही पाय समपातळीवर आले असे समजावे, तेथे फक्की टाकावी आणि एक पाय रोवून दुसरा पुढे फिरवावा. निघालेली माती उताराच्या खालच्या अंगास बांध म्हणून रचावयाची असते. एवढे काम कोणीही शिकतो. पण रेषा चुकली असेल, तर पहिल्या वळवाचे पाणी चरात थांबण्याऐवजी एका टोकास धावते आणि बांध फोडून निघून जाते. तो फुटलेला बांध ज्याने खणला त्यानेच पाहावा, त्यानेच बुजवावा. यास्तव पावसाळ्यात दोनदा आणि उन्हाळ्यात चरांपाशी लावलेल्या रोपांना पाणी घालण्यासाठी पाळीपाळीने त्याच मुलांना तेथे ने. रोपे थोडी लावलीस तरी चालेल. करंज, कडुनिंब, बाभूळ अशी त्या मातीस मानवणारी लाव, आणि प्रत्येक रोपास काटेरी कुंपण कर.

शाळेविषयी एवढेच सांगतो, की तुझ्या विद्यार्थ्यांनी व्याख्याने देऊ नयेत. १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांना पुढे कोसबाडास असे आढळले, की वारली मुले शाळेत येत नाहीत कारण ती गुरे राखीत असतात. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. तसेच तुझ्या विद्यार्थ्यांनीही मुलांपाशी जाऊन बसावे. अपूर्णांकाचे एक साधे उदाहरण चौथीतल्या मुलीस समजावताना पदवीच्या विद्यार्थ्यास आपले ज्ञान किती वरवरचे आहे हे उमगेल, आणि त्यासाठी त्याने एकाच मुलीपाशी वर्षभर, आठवड्यातून एकदा का होईना, बसले पाहिजे.

एक गोष्ट मात्र सर्वांआधी कर. गायरान ग्रामपंचायतीकडे असले तरी त्यावर खरी गुजराण मेंढपाळांची चालते. कुदळ पडण्यापूर्वी ग्रामसभेचा ठराव घे, त्या सभेस मेंढपाळ कुटुंबांना आग्रहाने बोलाव आणि त्यांच्यापाशी तुझ्या विद्यार्थ्यांना बोलू दे. चराईसाठी ते जो भाग राखून ठेवावयास सांगतील तो सोडूनच चौकट बाहेर काढ, आणि ठरावाची एक नक्कल मला पाठव.

तुझा,
काका