आमच्या कागदी संघाचें येतें वर्ष

पावसाळ्याचे चार महिने आमच्या वसतिगृहाचें मैदान म्हणजे एक तळेंच असतें. चंद्रपुरास झड बसली कीं इरई नदी फुगते, आणि भामरागडाकडील मुलांचीं पत्रें पर्लकोटा नदीचा पूर ओसरेपर्यंत वाटेंतच अडकून पडतात. अशा दिवसांत चेंडू पेटींत व फळी भिंतीशीं, हाच क्रम. परंतु फळी भिंतीशीं उभी केली म्हणून मनांतला खेळ थोडाच थांबतो? म्हणून आम्हीं कागदावरचें क्रिकेट काढलें आहे. सहा खोल्या, सहा संघ. प्रत्येकानें इतर पांचांशीं दोन दोन, म्हणजे वर्षांत दहा सामने खेळावयाचे. आमच्या चौथ्या खोलीच्या संघाचें गेलें वर्ष कसें गेलें व येतें वर्ष कसें जाईल, तें जुलै 2025 च्या ह्या पावसांत बसून वाचकांपुढें मांडीत आहों.

पुस्तकी क्रिकेट सर्वांस ठाऊक आहे. पुस्तक मध्येंच उघडावें, डाव्या पानाच्या आंकड्याचा शेवटचा अंक पाहावा. दोन, चार, सहा आल्यास तितक्या धावा, आठ आल्यास एक, आणि शून्य आल्यास गडी बाद. पांचही अंक सारख्याच वेळां येतात असें धरल्यास एका गड्यामागें सरासरी 13, व दहा गड्यांच्या 130 धावा होतात. ह्या खेळांत दोष एवढाच, कीं पहिला फलंदाज व अकरावा फलंदाज यांत कांहीं भेद राहत नाहीं. अमेरिकेंत हॅल रिचमन नांवाच्या एका मुलास बेसबॉलच्या बाबतींत हीच अडचण वाटली होती. त्यानें अकराव्या वर्षीं फाशांचा खेळ रचण्यास आरंभ केला, प्रत्येक खेळाडूच्या खऱ्या कामगिरीवरून त्याचें पत्र तयार केलें, आणि पुढें 1961 सालीं ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ या नांवानें तो खेळ विक्रीस आणला. आम्हींही तीच वाट धरली. रणजी करंडकाचे धावफलक वर्तमानपत्रांतून कापून ठेवावयाचे व त्यांवरून दर जूनमध्यें प्रत्येक खेळाडूची चिठ्ठी नवी करावयाची. दोन फाशांचीं दानें 36 प्रकारांनीं पडतात. त्यांत सात सहा प्रकारांनीं येतात, तीन दोनच प्रकारांनीं, आणि बारा एकाच. कच्च्या फलंदाजाच्या चिठ्ठीवर सातला ‘बाद’ लिहिलेलें असतें, पक्क्याच्या चिठ्ठीवर तीनला व बाराला. तांबडा फासा तिसरा. त्यावर सहा आले कीं फलंदाजाची चिठ्ठी बाजूस ठेवून गोलंदाजाची पाहावयाची.

फासे म्हटले कीं पालकवर्गास शकुनीमामा आठवतील, म्हणून सांगून ठेवतों कीं येथें पैशाचा व्यवहार मुळींच नाहीं. आमचें चलन चिंचोक्यांचें. प्रत्येक खोलीस वर्षास 50 चिंचोके मिळतात. चिठ्ठ्यांचा लिलाव होतो, घेतलेली चिठ्ठी खोलीकडे राहते, सोडून दिल्यास अर्धी किंमत परत मिळते, आणि खेळाडू निवृत्त झाला तर चिठ्ठी रद्द होऊन कांहींच मिळत नाहीं.

ह्या शेवटच्या नियमानेंच आमचा घात केला. जून 2023 मध्यें आम्हीं फैज फजल यांची चिठ्ठी 40 चिंचोके देऊन घेतली. विदर्भाला 2017-18 व 2018-19 अशीं लागोपाठ दोन वर्षें करंडक मिळवून देणारा कर्णधार आपल्या खोलींत असावा, एवढाच आमचा विचार. आमच्या खोलीचा कप्तान भामरागडाकडचा. तो तेवढा म्हणाला, “नांव मोठें आहे, पण वयही पाहा.” आम्हीं ऐकलें नाहीं. फेब्रुवारी 2024 मध्यें फजल यांनीं खेळांतून निवृत्ति घेतली. जूनमध्यें चिठ्ठी रद्द झाली, आणि तिच्या जागीं चांगला गडी घेण्यास आमच्याजवळ चिंचोके उरले नव्हते. गेल्या वर्षीं दहा सामन्यांपैकीं नऊ हरून आम्ही सहावे आलों.

त्या नवव्या पराभवाची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जाणें बरोबर नाहीं. पावसाळ्यांत राहून गेलेला तो सामना एप्रिलांत, परीक्षा संपल्यावर, झाला. आमची शेवटची जोडी खेळत होती व चार धावा हव्या होत्या. चटईबाहेर गेलेला फासा पुन्हां टाकावा, असा नियम आहे. आमचे फासे चटईच्या कडेवर थांबले आणि दान पडलें सात. प्रतिपक्षाच्या दृष्टीस तें पडण्यापूर्वीं आमच्यापैकीं एकाच्या गुडघ्याचा धक्का लागून एक फासा बाहेर गेला. धक्का लागला असें लिहिलें, पण तो लावला होता, आणि आम्हां सर्वांस तें ठाऊक होतें. “पुन्हां टाका!” असा आम्हीं एकच गिल्ला केला. कप्तान वही लिहीत होता. त्यानें मान वर न करतां ‘बाद’ असें लिहिलें व वही मिटली. आम्ही त्याच्याशीं दोन दिवस बोललों नाहीं. तिसऱ्या दिवशीं सुटी लागली आणि तो पहांटेच्या मोटारीनें गांवीं गेला. जूनमध्यें शाळा उघडली, तेव्हां तो आला नाहीं. वडील अंथरुणास खिळले असून शेतीचें काम त्याच्यावर पडलें आहे, एवढाच निरोप आला.

त्याची वही मात्र खोलींतच होती. शेवटच्या पानावर त्यानें पुढील वर्षाची योजना लिहून ठेवली होती, आणि तिचा आरंभ क्रिकेटनें नसून तेंदूच्या झुडपांनीं होता. उन्हाळ्याच्या तोंडीं तीं झुडपें छाटतात. छाटलेलें रान कांहीं दिवस उजाड दिसतें, परंतु मे महिन्यांत तोडावयाचें कोंवळें, रुंद पान त्या छाटणीमुळेंच मिळतें. त्याच्या घरचीं माणसें दरसाल तें पान तोडून त्याचे पुडे बांधतात. खालीं एकच ओळ होती: सर्व जुन्या चिठ्ठ्या सोडाव्या.

ही योजना अंमलांत आणावी कीं नाहीं, यावर खोलींत तीन रात्री वाद झाला. सोडावयाच्या चिठ्ठ्यांपैकीं दोन यंदाही सामने जिंकून देण्यासारख्या होत्या. अखेर सोडल्या. त्यांचे 40 व वार्षिक 50, मिळून 90 चिंचोके हातीं आले. विदर्भाच्या हर्ष दुबे यानें 2024-25 च्या हंगामांत 69 बळी घेऊन एका हंगामांतील रणजी विक्रम केला; त्याची चिठ्ठी दुसऱ्या खोलीनें 45 स नेली व आमच्या तोंडाला पाणी सुटून तें तसेंच राहिलें. आम्हीं 30 चिंचोक्यांत दानिश मालेवार घेतला. केरळाविरुद्ध नागपुरास झालेल्या त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यांत त्यानें 153 धावा काढल्या. तेव्हां तो अवघ्या एकविशींत होता. उरलेल्या 60 त दहा तरुण गडी घेतले. त्यांपैकीं बहुतेकांच्या चिठ्ठीवर अद्याप सातलाच ‘बाद’ आहे.

तेव्हां यंदाचें भविष्य असें. पहिले चार फलंदाज उभे राहतील. पुढचे सहा फासे थंड होण्यापूर्वींच परततील. तांबड्या फाशावर सहा आले तरी आमच्या गोलंदाजांच्या चिठ्ठ्या प्रतिपक्षास फारसें भिववीत नाहींत. पांचव्या खोलीवर दोन व पहिलीवर एक असे तीन विजय मिळावेत. चौथा मिळाल्यास तो फाशांचा प्रसाद समजूं. यंदा पांचवें स्थान, आणि ह्याच पोरांच्या चिठ्ठ्या सुधारत गेल्यास 2027 मध्यें पहिल्या तिघांत, एवढीच आमची आशा आहे.

ही आशा कोणास फार लांबची वाटेल. परंतु विदर्भाचा संघ रणजी करंडकांत 1957-58 सालीं प्रथम उतरला आणि पहिलें विजेतेपद त्यास 2017-18 मध्यें मिळालें. मध्यें साठ वर्षें गेलीं. विदर्भातून कसोटी खेळणारा पहिला खेळाडू उमेश यादव हा कोळशाच्या खाणींत काम करणाऱ्या गृहस्थांचा मुलगा. खाणींच्या ह्या मुलखांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस तें निराळें समजावून सांगावयास नको.

राहतां राहिला कप्तान. खोलींत आतां आठवींतला एक नवा मुलगा आला आहे व वही त्याच्याकडे दिली आहे. पहिल्याच सराव सामन्यांत आमचा फासा चटईच्या कडेवर थांबला. दान वाईट होतें. कोणी हालला नाहीं, आणि त्या मुलानें ‘बाद’ लिहिलें. त्या रात्रीं आम्हीं सर्वांनीं मिळून भामरागडाकडे एक पत्र लिहिलें. त्यांत संघाची यादी आहे, तीन विजयांचें भविष्य आहे, आणि एप्रिलांत जें बोलावयास हवें होतें तें सर्वांत आधीं लिहिलें आहे. पर्लकोटा उतरली कीं पत्र पोंचेल. यादींत कप्तान म्हणून अजून त्याचेंच नांव आहे.