पाकिटाबाहेरचं नाव



ऑक्टोबर संपत आला की माझी वही बाहेर निघते. 2 नोव्हेंबरला सर्व मृत विश्वासीयांचा स्मरणदिन. त्या मिस्सात वाचायच्या नावांची यादी मी करतो. फोपनारची ख्रिस्ती घरं मोजकीच, तरी यादी दरवर्षी लांबत जाते.

गेल्या वर्षी मिस्सा संपल्यावर एक मावशी थांबल्या होत्या. "भाऊ, माह्या पोराचं नाव नाही घेतलं का हो?" त्यांचा मुलगा केळीच्या बागेत मजुरीला जायचा, पावसाळ्यात वारला. मी नावं घेतली होती ती मिस्सादानाच्या पाकिटांवरून. मावशींनी पाकीट दिलं नव्हतं. मला काही बोलता आलं नाही.

ही चूक जुनीच आहे. पाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या धर्मग्रामांत मृतांच्या नावांची गुंडाळी ठेवत. वर्षातून एकदा धर्मगुरू ती सगळी वाचत आणि लोक त्या आत्म्यांसाठी प्रार्थना करीत. कुणी मेणबत्त्या दिल्या, कुणी मेंढरं, कुणी मिस्साचा प्याला, त्यांची नावं तिथं असत. ज्यांच्यामागे द्यायला कुणी नसे, ते उरलेल्या सर्व ख्रिस्ती आत्म्यांत एकदम मोजले जात. तरी त्या लोकांना मी हसणार नाही. सर्व संतांच्या सणाच्या रात्री ते उशिरापर्यंत मृतांसाठी घंटा वाजवीत. आपल्याला मात्र पुण्यतिथीची आठवण मोबाइल करून देतो.

आपल्याकडेही तेच दिसतं. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये जमिनीत पोर्तुगीज सरदारांच्या कोरीव शिळा आहेत. ज्यांनी ते दगड वाहिले त्यांची नावं कुठं आहेत? पण त्याच वसईत मिझेरिकॉर्दिया ही बंधुसंस्थाही होती. 1498 साली लिस्बनमध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या दयेच्या कामांत गरिबांना माती देणं हेही एक होतं. मला त्या शिळांपेक्षा या कामाचं मोल जास्त वाटतं.

आमच्या बुऱ्हाणपुरात 1631 साली मुमताज महल वारली. तिला आधी तापीपलीकडे झैनाबादला पुरलं, मग आग्र्याला नेलं. तिचं नाव कुणी वाचून दाखवायची गरज नाही, ताजमहाल उभा आहे. मावशींच्या मुलासाठी माझी वही तेवढी होती, आणि तीही कोरी राहिली. देव नावानं हाक मारतो असं यशयाच्या 43 व्या अध्यायात आपण वाचतो. त्याला माझी यादी लागत नाही. पण मावशींना ते नाव वेदीवरून ऐकायचं होतं, चार माणसांत.

यंदा मी पाकिटांची वाट न पाहता घरोघरी गेलो. मावशींनी चहा ठेवला. मुलाचं नाव सांगितलं, मग सासूचं, मग शेजारच्या एका म्हाताऱ्याचं, ज्याच्या घराला आता कुलूप आहे. मी तिन्ही लिहून घेतली. त्यांनी पुन्हा वाचून दाखवायला लावली.

तुमच्या घरचं कुणी राहिलं असेल तर 1 तारखेच्या संध्याकाळपर्यंत सांगा. पाकीट नसलं तरी चालेल.