सातवा नंबर

दोंडाईच्याहून भाचा सुट्टीत पुण्याला आला, की आमच्या टीव्हीचा रिमोट त्याच्या ताब्यात जातो. वय वर्षं बारा. अंगात मँचेस्टर सिटीचा आकाशी टी-शर्ट (धुळ्याच्या बाजारातला, त्यामुळे दोन धुण्यांतच आकाश फिकं पडलेलं). मागच्या खेपेला मी चॅम्पियनशिपच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या दुसऱ्या डिव्हिजनच्या मॅचचे हायलाइट्स बघत बसलो होतो. साहेब दोन मिनिटं मागे उभे राहिले आणि म्हणाले, "मामा, हे खालचं कोण बघतं?"

प्रश्न काही चुकीचा नाही. त्याच्या वयात मीही हेच विचारलं असतं. आमच्या लहानपणी गल्लीत फक्त टेनिस बॉलचं क्रिकेट. फुटबॉल आला तो केबलवरून. एका मित्राच्या वडिलांचा मिरचीचा व्यापार होता, त्यांच्याकडे मोठा टीव्ही. हिवाळ्यात गावाबाहेर पथारींवर लालभडक मिरची वाळत पडलेली असायची. शनिवारी संध्याकाळी त्या घरात आम्ही सात-आठ जण खोकत खोकत मॅच बघायचो. सत्तराव्या मिनिटाला लाइट जायची, ते वेगळंच. आम्ही सगळे मँचेस्टर युनायटेडवाले, कारण ते जिंकायचे. हरणारा संघ मुद्दाम कोण निवडतो हो? तापी लाइनवरच्या गावातल्या पोराला इंग्लंडमधला कुठलाही संघ सारखाच लांब. मग जिंकणाराच घ्यावा ना.

या समजुतीला तडा गेला तो २०२३ मध्ये. कंपनीनं सहा महिन्यांसाठी मँचेस्टरला ऑनसाइट पाठवलं. क्लायंटकडे एक साठीच्या घरातले गृहस्थ होते, डेटाबेसवाले. जुन्या स्टोअर्ड प्रोसिजर्सना हात लावायचा तर त्यांनाच विचारून. पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, मूळ ऑफिस कुठलं? म्हटलं पुणे. गृहस्थ एकदम गप्प. मग कॉफीचा कप खाली ठेवून म्हणाले, "मी ब्लॅकबर्नचा आहे."

ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्हेंकीजनं विकत घेतला. हो, तेच कोंबडीवाले. क्लब ऐरागैरा नव्हता. गावातल्याच एका पोलाद-व्यावसायिकानं, जॅक वॉकर यांनी, पैसा ओतला आणि १९९५ मध्ये या आडगावच्या संघानं एका गुणानं मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून प्रीमियर लीग जिंकली होती. नव्या मालकांनी महिन्याभरात मॅनेजर सॅम अलरडाइस यांना काढलं. मे २०१२ मध्ये संघ खाली गेला. ज्या मॅचनंतर गेला, त्या मॅचमध्ये कुणीतरी क्लबच्या रंगाचं कापड गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली, थेट तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, आणि तेही गोलफरकावर.

मी त्यांना घाईघाईनं सांगितलं, की मी पुण्याचा नव्हेच, माझं गाव दोंडाईचा, पुण्यापासून एका रात्रीचा प्रवास. व्हेंकीजशी माझा संबंध फ्रीजरमधल्या नगेट्सपुरता. ते हसले आणि म्हणाले, चल मग एखाद्या मॅचला, मुलीची सीट रिकामी असते. (पुढे हेही सांगायचे, की तोटा इतकी वर्षं मालकच भरतायत, ते विसरून चालणार नाही. माणूस हिशेबाचा.)

ती मॅच म्हणजे २५ एप्रिल २०२३, मंगळवारची संध्याकाळ, समोर बर्नली. ब्लॅकबर्न आणि बर्नलीमध्ये दोंडाईचा-नंदुरबारपेक्षाही कमी अंतर. आणि वैर असं, की ऑफिसात बर्नलीचं नावसुद्धा ते घ्यायचे नाहीत, 'शेजारचं गाव' म्हणायचे. मँचेस्टर व्हिक्टोरियाहून लोकल पकडली. वाटेत डार्वन लागतं. १९३१ मध्ये गांधीजी इथेच येऊन गिरणी कामगारांना भेटले होते. ब्लॅकबर्न परिसरातल्या माग-गिरण्यांनी एकेकाळी आपल्याकडे विकायला धोतरं विणली. आपण विलायती कापडावर बहिष्कार टाकला तेव्हा त्याची झळ पोचली ती इथल्या घरांत. कापसाच्या मुलखातून आलेल्या माझ्यासारख्याला त्या स्टेशनवर जरा विचित्रच वाटलं. असो.

थंडी मरणाची. बर्नलीवाले डार्वन एंडला, बाकी सगळीकडे निळं-पांढरं. जिंकले असते तर बर्नली त्या रात्री, शत्रूच्या मैदानावर, दुसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद पटकावणार होती. आणि तेच झालं. उत्तरार्धात मॅन्युएल बेन्सननं लांबून वळवून मारला, १-० संपलं. आमच्या स्टँडमध्ये शुकशुकाट, आणि समोर त्या एका कोपऱ्यात नुसता धिंगाणा. मी आयुष्यात मैदानावर बसून बघितलेला सगळ्यात जिवंत फुटबॉल तो हाच. मी आकाशी टी-शर्टवाल्यांची मॅचही बघून आलो होतो. तिथं गवत सुंदर, पास सुंदर, आणि शेजारी बसलेलं जोडपं साठाव्या मिनिटाला घरच्या फर्निचरबद्दल बोलत होतं.

आता जरा आकडे, कारण त्याशिवाय आमच्यासारख्यांना चैन पडत नाही. बर्नली त्या २०२२-२३ च्या सीझनमध्ये ४६ पैकी फक्त ३ मॅच हरली. १०१ गुण. वर गेली. पुढच्या सीझनमध्ये प्रीमियर लीगमध्ये ३८ पैकी २४ हरली, २४ गुण, परत खाली. त्यानंतर २०२४-२५ मध्ये खाली ४६ पैकी फक्त २ पराभव, १०० गुण, परत वर. तोच क्लब, तेच स्टेडियम, त्याच खुर्च्यांवर तीच माणसं. तीन वर्षांतले पराभव तीन, चोवीस, दोन. साउदॅम्प्टनचं तर विचारूच नका. २०२३-२४ मध्ये खाली २६ विजय, पुढच्या वर्षी वर फक्त २. त्या दोन्ही सीझनमध्ये वर आलेले तिन्हीच्या तिन्ही संघ वर्षभरात परत खाली गेले.

म्हणजे शनिवारी दुपारी घरातून निघताना जिंकायची आशा असणं, हाच आनंदाचा निकष लावला तर उत्तर सरळ आहे. खालीच बरं. त्यात आणखी एक. प्रीमियर लीगमध्ये २०१९ पासून व्हीएआर आहे. गोल झाला तरी माणूस अर्धाच उठतो आणि स्क्रीनकडे बघतो. कुणाच्या तरी काखेची रेषा काढून होईपर्यंत आनंद होल्डवर. चॅम्पियनशिपच्या लीग मॅचमध्ये ती भानगड मी पाहिली नाही. गोल म्हणजे गोल. रेफ्रीनं चूक केली तर निदान ती चूक माणसाची, शिव्या घालायला समोर कुणीतरी असतं.

मग मी त्यांना विचारलं, गेल्या पंधरा वर्षांतला तुमचा सगळ्यात मजेचा सीझन कोणता? मला वाटलं, प्रीमियर लीगमधला एखादा सांगतील. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "सतरा-अठरा. तिसऱ्या डिव्हिजनचा." ९६ गुण, दुसरा नंबर, अख्ख्या सीझनमध्ये सहाच पराभव. प्रीमियर लीगमधल्या त्या शेवटच्या वर्षी, २०११-१२ मध्ये, आठच विजय होते. "त्या वर्षी मी मैदानात जायचो ते कर्तव्य म्हणून. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये मी परत हसायला लागलो."

इथंच लेख संपवता आला असता. खालचं जास्त मजेचं, चला, जेवायला. पण आठ मे उजाडायचा होता.

८ मे २०२३, सीझनचा शेवटचा दिवस, सोमवार, सुट्टी. प्लेऑफची शेवटची जागा, म्हणजे सहावा नंबर, मोकळी. ब्लॅकबर्नला लंडनमध्ये मिलवॉलला हरवायचं होतं आणि इतर निकालही मनासारखे लागायला हवे होते. त्यांच्या स्वयंपाकघरात रेडिओ लावलेला. मी फोनवर प्रेस्टनची मॅच बघतोय, कारण तिथं सुंदरलंड खेळत होतं. हाफटाइमला ब्लॅकबर्न ३-१ नं मागे. बाईंनी चहा ठेवला, काही बोलल्या नाहीत. मग एक गोल. मग बरोबरी. मग ४-३! हा साठीचा माणूस खुर्चीवरून उठून फ्रिजला टेकून उभा होता, चेहरा लाल. मी फोन पुढे केला. प्रेस्टन ०, सुंदरलंड ३.

दोघांचे गुण ६९-६९. गोलफरकात सुंदरलंड वर. ब्लॅकबर्न सातवं. मिलवॉलला हरवून यांनी सुंदरलंडचीच वाट मोकळी केली, आणि तेही प्रेस्टनसारख्या दुसऱ्या शेजाऱ्याच्या मदतीनं!

बऱ्याच वेळानं मी म्हटलं, झालं ते बरंच झालं ना? वर गेला असतात तर पुन्हा आठ विजय. तुम्हीच म्हणाला होता, की कर्तव्य म्हणून जायचो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी प्रॉडक्शनवर थेट डिलीट क्वेरी चालवलीय. "ते मला माहीत आहे. तरी मला वर जायचंय."

यात विसंगती आहे असं मला तेव्हा वाटलं. आता नाही वाटत. त्या दिवशी स्वयंपाकघरात जे होतं ते वरच्या डिव्हिजनमुळेच होतं. वर जायचा जिनाच नसता, तर ती मॅच म्हणजे सातव्या आणि आठव्या नंबरच्या दोन संघांतली मे महिन्यातली टाइमपास मॅच. रेडिओसुद्धा लावला नसता कुणी. खालची मजा ही बरीचशी वरच्या घरातून उसनी आणलेली असते. आणि उसनं फेडायची वेळ आली, म्हणजे वर गेलं, की मजा जाते. हे सगळं ठाऊक असूनही माणसं ऑगस्टमध्ये परत रांगेत उभी राहतात.

आपल्याकडे हा जिनाच धड नाही, म्हणून मला हे जास्त टोचलं. २०१४ पासून मी बालेवाडीला एफसी पुणे सिटीच्या मॅचला जायचो. टॉप डिव्हिजन, मोठाले परदेशी खेळाडू, झगमगाट. पण शेवटून दुसरं आलं काय आणि पाचवं आलं काय, खाली जायची भीतीच नाही. मग फेब्रुवारीतल्या मॅचला जीव टांगणीला कशानं लागणार? आयएसएलमधून २०२४-२५ पर्यंत एकही संघ खाली पाठवला गेला नाही. त्या वर्षी मोहमेडन स्पोर्टिंग २४ पैकी फक्त २ मॅच जिंकून तळाशी राहिलं, तरी लीगच्या नियमात त्यांना उतरायला पायरी नव्हती. खालून वर यायची वाटसुद्धा उघडली ती २०२३ मध्ये, पंजाबपासून.

आपल्याकडे संघ खाली जात नाही. बंद पडतो. महिंद्रा युनायटेड २००५-०६ चे राष्ट्रीय विजेते, २०१० मध्ये बंद. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरे, दोन-तीन वर्षांत संपले. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेलं. माझा त्यांचा नारिंगी स्कार्फ अजून कपाटात आहे. ब्लॅकबर्नवाल्याचं दुःख निदान पत्त्यासकट आहे, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये का होईना, संघ कुठे आहे ते त्याला माहीत होतं. मी कुठल्या डिव्हिजनमध्ये शोधायचं?

एक कोल्हापूर मात्र माझ्या या हिशेबात बसत नाही. कॉलेजातल्या एका मित्रानं मला एकदा शाहू स्टेडियमवर नेलं होतं, पाटाकडील तालीम आणि दिलबहारची मॅच. या संघांना वर चढायला ना आयएसएल ना आय-लीग, जिना शहराच्या वेशीपाशीच संपतो. तरी गॅलरी भरलेली, आजोबा-नातू एकत्र, आणि खेळाडूच्या घरचा पत्ता माहीत असल्याच्या थाटात दिलेल्या शिव्या. मी मित्राला विचारलं, ही नक्की कितवी डिव्हिजन म्हणायची? "डिव्हिजन काय असतंय? पलीकडची पेठ हाय ती!" तो म्हणाला. ब्लॅकबर्नच्या त्या गृहस्थांना हे पटकन कळलं असतं. शेजारचं गाव.

भाच्याला यातलं अर्धंमुर्धं सांगितलं. तो म्हणाला, "पण सिटी जिंकतंच ना मामा." जिंकतं बाबा. (गावी फोन केला, तर त्याचे वडील, आमचे दाजी, मलाच अहिराणीत विचारतात, "तुना संघ हारना का परत?" माझा संघ म्हणजे आता ब्लॅकबर्न, हे घरी सगळ्यांनी मान्य केलंय.)

मे २०२५ मध्ये सीझनच्या शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्ननं शेफिल्ड युनायटेडशी १-१ बरोबरी केली. सहाव्या नंबरपेक्षा दोन गुण कमी. रात्री उशिरा मँचेस्टरहून मेसेज आला. "पुन्हा सातवे. दोन्ही सीटांचे पैसे भरलेत. मुलगी अजूनही येत नाही. ऑगस्टमध्ये ऑनसाइटचं काही जमतंय का बघ."