बिनपगारी कामाची शिस्त

नवापूर तालुक्यातील एखाद्या खेड्यातल्या चर्चमध्ये रविवारी शास्त्रपाठ वाचणारा, सतरंज्या अंथरणारा, ढोलकी वाजवणारा माणूस एरवी शेतकरी, शिक्षक किंवा मजूर असतो. या कामाचा त्याला पगार नसतो. त्याच्या हातून काही राहून गेले, की ‘सेवाच तर आहे, चालायचेच’ असे म्हणून विषय मिटवला जातो. या ‘चालायचेच’मध्ये क्षमाशीलता आहे हे मान्य, परंतु ऐकणाऱ्याविषयीची बेपर्वाईही तीत दडलेली असते, असे मला वाटते.

भाषेचा शिक्षक असल्याने माझे लक्ष साहजिकच शास्त्रपाठाच्या वाचकाकडे जाते. नंदुरबार जिल्ह्याच्या या भागात अनेकांची घरची भाषा मावची किंवा भिली. मराठी ही शाळेत भेटलेली भाषा, आणि बायबलची मराठी तर त्याहूनही लांबची. आदल्या रात्री उतारा दोनदा मोठ्याने वाचलेला नसेल, तर वाक्य भलत्याच ठिकाणी तुटते. ज्या म्हातारीला अक्षरओळख नाही, तिच्यापर्यंत बायबल पोहोचते ते केवळ या वाचनातून. त्या रविवारी तिला रिकाम्या हाताने परतावे लागते. एका अंत्यविधीच्या प्रार्थनेत मृताऐवजी दुसऱ्याच कुणाचे नाव घेतले गेलेले मी ऐकले आहे. प्रार्थना करणाऱ्याचा हेतू निर्मळ होता. पण त्या घरच्यांना जे लागायचे ते लागलेच.

अशा वेळी केडगावच्या मुक्ती मिशनची आठवण होते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते साध्यासुध्या बायकांना कळावे म्हणून. त्याची अक्षरजुळणी आणि छपाई आश्रमातल्या स्त्रियांनी केली. विधवा आणि दुष्काळातून वाचलेल्या मुली यांचा तो आश्रम. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. एखादा काना इकडचा तिकडे गेला तरी अर्थ बिघडतो. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना जगाने निरुपयोगी ठरवले होते, त्यांच्या हातांवर रमाबाईंनी एवढे नाजूक काम सोपवले, यातच त्यांच्याविषयीचा खरा आदर दिसतो.

‘उत्कृष्टता’ या शब्दाला माणसे बिचकतात, हेही खरे. तो उच्चारताच शहरातल्या चर्चमधील ध्वनियंत्रणा आणि तालमीत मुरलेला गायकवृंद डोळ्यांसमोर येतो, आणि खेड्यातला अडखळत वाचणारा माणूस मागे सरतो. तो मागे सरला तर मंडळीचेच नुकसान आहे. म्हणून कसोटी घ्यायची ती तयारीची घ्यावी, उच्चारांच्या सफाईची नव्हे. मावची वळणाने वाचलेला, पण समजून वाचलेला उतारा मागच्या रांगेपर्यंत बरोबर पोहोचतो.

मात्र या तयारीची जबाबदारी एकट्या वाचकावर टाकता येणार नाही. शनिवारी रात्री उशिरा उतारा हाती द्यायचा आणि सकाळी बिनचूक वाचनाची अपेक्षा धरायची, हा अन्याय आहे. उतारा चार दिवस आधी मिळावा, अवघड शब्द कुणी मावचीत समजावून द्यावा, चूक झाली तर ती एकांतात सांगावी. ज्याला आपण पगार देत नाही, त्याला निदान वेळ आणि आदल्या दिवशी त्याचे वाचन ऐकून घेणारे एक माणूस तरी द्यायला हवे.